अकॉर्डियन शिकायचंय? आधी परंपरा ठरवा, मग वाद्य घ्या

पेटी वाजवणाऱ्याला अकॉर्डियन ओळखीचं वाटतं. पट्ट्या त्याच, सूर रीडचेच, भाता हातानेच. त्यामुळे पहिली खरेदी बहुधा घाईत होते. जुन्या वाद्यांच्या दुकानात परवडेल ते पियानो-पट्ट्यांचं अकॉर्डियन घ्यायचं आणि यूट्यूबवर आवडलेलं आयरिश किंवा कोलंबियन वादन त्यावर काढायला बसायचं. सूर बरोबर लागतात, पण चाल तशी वाजत नाही. मग सराव कमी पडतोय असं वाटू लागतं. खरं कारण वाद्याच्या रचनेत असतं. त्या चाली वेगळ्या बांधणीच्या वाद्यावर घडल्या आहेत आणि त्यांचा ठेका त्या बांधणीतूनच आला आहे.

आपल्याकडे जुन्या बाजारात पियानो-अकॉर्डियनच जास्त दिसतात, त्याला कारण आहे. हिंदी चित्रपटसंगीतात गुडी सीरवाई, पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांच्यासारख्यांनी हेच वाद्य गाजवलं, ऑर्केस्ट्रांनीही तेच घेतलं. जगभरच्या लोकसंगीतात मात्र बटणांच्या छोट्या वाद्यांचा वाटा फार मोठा आहे.

आत काय असतं

पेटीत हवा आधी साठते आणि सुरांमधून एकाच दिशेने वाहते. अकॉर्डियनमध्ये अशी साठवण नाही. भाता उघडताना हवा आत येते, मिटताना बाहेर जाते. म्हणून प्रत्येक धातूच्या पट्टीवर पोलादाच्या दोन जिभा, म्हणजे रीड, असतात, दोन बाजूंना एकेक, आणि नको ती दिशा बंद करायला चामड्याचा किंवा प्लॅस्टिकचा पातळ पडदा. दोन्ही जिभा एकाच सुराच्या असतील, तर भाता कुठेही चालला तरी सूर तोच राहतो. पियानो-अकॉर्डियन आणि बायान हे रशियन बटण-अकॉर्डियन या घराण्यातले. दोन जिभा वेगळ्या सुरांच्या असतील, तर एकच बटण दाबताना एक सूर देतं, ओढताना दुसरा. याला डायटॉनिक म्हणतात. व्हिएन्नात सिरिल डेमियन यांनी 1829 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं ते पहिलं अकॉर्डियन याच दुसऱ्या जातीचं होतं.

एका रांगेच्या, पांढरी एकच्या (म्हणजे सी सुराला सा धरणाऱ्या) वाद्यावर मधलं सप्तक असं लागतं: सा दाबून, रे ओढून, ग दाबून, म ओढून, प दाबून, ध ओढून, नी ओढून, सां दाबून. पहिल्या तीन बटणांवर दाबला तर खालचा सूर, ओढला तर वरचा. चौथ्या बटणावर हा क्रम उलटतो. तिथे दाबून सां आणि ओढून नी मिळतो. नवशिक्या हमखास अडखळतो तो इथेच, ध वरून नी वर जाताना, कारण भात्याची दिशा तीच ठेवून फक्त बटण बदलायचं असतं. या चार सुरांचा, प ध नी सां, वेगळा पलटा पहिल्या आठवड्यातच घ्या.

आयर्लंड: दोन रांगा, दोन वेगळे हात

आयरिश वादनात दोन रांगांचं वाद्य चालतं आणि त्या दोन रांगांत अर्ध्या स्वराचं अंतर असतं. यात दोन पद्धती मुख्य आहेत: बी/सी, म्हणजे पांढरी सात आणि पांढरी एक, आणि सी-शार्प/डी, म्हणजे काळी एक आणि पांढरी दोन. बहुतेक चाली पांढरी दोनच्या किंवा पांढरी पाचच्या सा मध्ये असतात.

आता पांढरी दोनला सा धरून बी/सी वर आरोह करून पाहा. सा ओढून. रे, ग, म तिन्ही दाबून, त्यातला ग दुसऱ्या रांगेवरून. प, ध, नी, सां चारही ओढून, त्यातला नी दुसऱ्या रांगेवरून. म्हणजे भात्याच्या एका चालीत तीन-चार सूर सलग निघतात. तीन सुरांचे झटपट गुच्छ, लांब वाहत्या ताना इथे सहज बसतात. टिपेररीचे पॅडी ओब्रायन यांनी 1950च्या दशकात ही पद्धत रुजवली. जो बर्क, शॅरन शॅनन हे याच वाटेचे.

तेच सप्तक सी-शार्प/डी वर एकाच रांगेत मिळतं, पण सा ग प दाबून आणि रे म ध नी ओढून. जवळजवळ प्रत्येक सुराला भाता उलटतो, त्यामुळे प्रत्येक सुराला आपोआप ठोका मिळतो. नाचाला धरून वाजवण्याची जुनी धाटणी ही. जो कूली यांचं वादन ऐकलं की फरक लगेच कानात बसतो.

एक पद्धत सोपी, दुसरी अवघड असं मुळीच नाही. ज्या वादकाचं वादन पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतं, त्याची पद्धत घ्या आणि किमान दोन वर्षं बदलू नका. एका पद्धतीचं वाद्य हातात आणि दुसऱ्या पद्धतीचे व्हिडिओ समोर, हा घोळ फार होतो. बोटं वेगळीच पडत राहतात आणि चूक कुठे आहे ते कळत नाही. शिकण्याचा क्रम असा ठेवा: आधी पोल्का, मग सहा-आठच्या (6/8) लयीचे जिग, आणि रील शेवटी; हे तिन्ही नाचाच्या चालींचे प्रकार. डावा हात सुरुवातीचे काही महिने बाजूला ठेवला तरी चालतो, आयरिश वादनात त्याचं काम हलकंच असतं.

लुइझियाना, टेक्सस, कोलंबिया

अमेरिकेतल्या लुइझियानाच्या केजन, म्हणजे मूळ फ्रेंच-भाषक, लोकांचं वाद्य म्हणजे एक रांग, दहा बटणं, वर चार खुंट्या. प्रत्येक खुंटी सुरांचा एक संच उघडते आणि चारही उघडून वाजवायची पद्धत आहे. म्हणून एवढंसं वाद्य नाचघर भरून टाकतं. पट्टी बहुधा पांढरी एक, काही जण पांढरी दोन घेतात. वाद्याची पट्टी हलत नाही, त्यामुळे बाकीचे तिच्यामागे येतात. पांढरी एकच्या वाद्यासोबत बसणारा फिडलवादक (म्हणजे व्हायोलिनवादक) आपल्या चारही तारा एकेक स्वर उतरवतो. अकॉर्डियनवादक आमेदे आर्दोइन यांनी 1929 मध्ये डेनिस मॅगी यांच्या फिडलसोबत केलेली ध्वनिमुद्रणं या वाटेवरच्या प्रत्येकाने ऐकावीत. या वाद्यांचा गांधार मुद्दाम उतरवून जुळवतात, तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गांधाराच्या जवळ. पेटीच्या चढ्या गांधाराने कान दुखणाऱ्याला इथे फार बरं वाटेल.

टेक्सस आणि उत्तर मेक्सिकोत तीन रांगांचं वाद्य चालतं. शेजारच्या रांगांचं नातं सा-म असं असतं: पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी चार. मधल्या रांगेवर बसवलेली चाल तीच बोटं ठेवून बाजूच्या रांगेवर नेली की पट्टी बदलते. एकाच रांगेतली शेजारची दोन बटणं एकत्र दाबली की बहुतेक जागी तिसऱ्या सुराची जोडी मिळते, आणि या संगीताचा गोडवा तिच्यात आहे. नार्सिसो मार्तिनेझ यांनी 1930च्या दशकात डावा हात जवळपास सोडून दिला आणि खर्ज बाहो सेक्स्तो या बारा तारांच्या वाद्याकडे सोपवला. त्यामुळे इथे डाव्या हाताचे धडे गिरवत बसू नका, उजव्या हाताची सफाई वाढवा.

कोलंबियाच्या वायेनातो या लोकसंगीतात वाद्य त्याच घडणीचं आहे, पण अपेक्षा उलटी. तिथे खर्जाची बटणं चालीला उत्तर देतात, सोन या प्रकारात तर ती पुढेच येतात. साथीला काहा हा छोटा ढोल आणि ग्वाचाराका ही खरवडून वाजवायची काठी. वायेदुपार शहरात 1968 पासून भरणाऱ्या महोत्सवात स्पर्धकाला पासेओ, सोन, मेरेंगे, पुया हे चारही प्रकार वाजवावे लागतात. पहिल्या वर्षीचा मान आलेहांद्रो दुरान यांचा. सुरुवात पासेओने करा. मेरेंगे सहा-आठच्या चालीत आहे आणि नवख्याचा डावा हात तिथे सुटतो.

पेटीवाल्यासाठी सर्वांत जवळची वाट: ईशान्य ब्राझील

हातात आधीच पियानो-अकॉर्डियन असेल, तर ब्राझीलचा फोरो हा नाचाच्या संगीताचा प्रकार निवडा. पेर्नाम्बुकोतल्या एशू गावचे लुईझ गोन्झागा यांनी 1940च्या दशकात बायाँव हा प्रकार देशभर नेला. अकॉर्डियन, झाबुंबा हा ढोल आणि त्रिकोण, एवढाच ताफा. या भागातल्या पुष्कळ चालींत तीव्र म आणि कोमल नी एकत्र येतात. आपल्या वाचस्पती रागाचे हेच स्वर. रागाची चलनं तिथे नाहीत, तरीही बोटांना ती वाट आधीच माहीत असते, आणि हा फायदा मोठा आहे.

इथे डावा हात शिकावाच लागतो. 120 बटणांच्या वाद्यात वीस ओळी आणि प्रत्येक ओळीत सहा बटणं असतात. भात्याकडून बाहेर मोजत गेलं तर आधी मूळ सुराचा ग, मग मूळ सूर, मग चार प्रकारचे तयार स्वरमेळ (कॉर्ड). उभ्या क्रमात नातं सा-प चं आहे: सा च्या वरचं बटण प, खालचं म. पांढरी एकच्या बटणाला खळगा किंवा खडा असतो, तो बोटाने चाचपून शोधायचा. बघायचं नाही, बघताही येत नाही. पहिला महिनाभर सा, प, म या तीन बटणांवर खर्ज-मेळ, खर्ज-मेळ एवढंच करा. एक इशारा: कोमल ग असलेल्या रागाच्या अंगाने वाजवलेल्या चालीखाली सरसकट मोठा (मेजर) मेळ धरला की कोमल ग आणि मेळातला शुद्ध ग भिडतात. अशा जागी नुसता खर्ज ठेवा.

वजनाचा विचार आधी करा. 120 बटणांचं वाद्य साधारण दहा-बारा किलो भरतं. सुरुवातीला 72 बटणं आणि 34 पट्ट्यांचं पुरतं आणि खांदे वाचतात.

भाता

पेटीवाल्याच्या दोन सवयी मोडाव्या लागतात. पहिली: पट्टी जोरात दाबणं. इथे आवाज पूर्णपणे भात्यातून येतो, पट्टीवरच्या जोराने मनगट तेवढं दुखतं. दुसरी: चालीकडे न बघता भाता हलवत राहणं. अकॉर्डियनचा भाता जिथे वळतो तिथे सुराला खाच पडते. ती खाच ओळीच्या शेवटी आली तर श्वास वाटते, मधे आली तर चाल तुटते. म्हणून पियानो-अकॉर्डियनवर प्रत्येक चालीत भाता कुठे वळणार ते आधीच ठरवून कागदावर खुणा करा.

रोजचा सराव: मेट्रोनोम 60 वर, एकच सूर, आठ मात्रा उघडत, आठ मात्रा मिटत, आवाज सारखा. मग चार-चार मात्रांचा, मग दोन-दोनचा. वळताना आवाज फुगत असेल तर डाव्या हाताचा पट्टा सैल आहे. तळहात आणि वाद्य यांच्यात फट राहता कामा नये. भाता वरून पंख्यासारखा उघडू द्या, खालची बाजू जवळजवळ मिटलेली राहते. सुरुवातीला पंचवीस मिनिटांच्या वर बसू नका. पाठीचा खालचा भाग भरून आला की थांबायचं.

थरथर किती हवी

वाद्य घेताना ही गोष्ट कुणी विचारत नाही आणि नंतर पस्तावतात. मधल्या सप्तकाचे दोन रीडसंच किंचित वेगळे जुळवले की सूर थरथरतो. 440 हर्ट्झच्या सुराजवळ 20 सेंटचा (अर्ध्या स्वराच्या पाचव्या भागाचा) फरक ठेवला तर सेकंदाला सुमारे पाच लहरी ऐकू येतात. पॅरिसच्या जुन्या म्युझेत या नृत्यसंगीतातला तो भरदार थरकाप यापेक्षाही जास्त असतो. केजन वाद्यात तो जवळपास नसतो, आजच्या आयरिश वादकांनाही बहुधा कोरडा सूर आवडतो. थरथर बदलायची तर संचातले सगळे रीड पुन्हा जुळवावे लागतात, आणि तो खर्च मोठा आहे.

जुनं वाद्य तपासताना

भात्याचे पट्टे सोडा, एकही पट्टी न दाबता वाद्य वरून धरा आणि खालची बाजू लोंबू द्या. काही सेकंदांत भाता उघडत गेला तर हवा गळते आहे. मग प्रत्येक सूर दोन्ही दिशांना, प्रत्येक खुंटीवर वाजवा. एका दिशेला सूर फुसफुसला तर बहुधा चामड्याचा पडदा वाकलाय, तो बदलता येतो. अनेक सूर एकदम खरखरत असतील, तर रीड ज्या मेणाने बसवतात ते कोरडं पडून तडकलेलं असू शकतं. ते दुरुस्त करायचं म्हणजे सगळे रीड काढून पुन्हा बसवणं. कुबट वास आला तर आत गंज आणि बुरशी गृहीत धरा आणि वाद्य सोडून द्या.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळा हा या वाद्याचा खरा शत्रू आहे. पोलादी जिभा गंजतात, चामडं वाकतं. जून ते सप्टेंबर वाद्य त्याच्या खोक्यात बंद, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या, पण रोज दहा मिनिटं वाजवलंच पाहिजे. उन्हाळ्यात ते बंद गाडीत कधीही ठेवू नका. मधमाशीचं मेण साठ-पासष्ट अंशांना वितळतं, त्याआधीच ते मऊ होऊन रीड जागेवरून सरकू लागतात. वाद्य पायांवर उभं ठेवा, आडवं नको. आत तेलाचा थेंबही घालू नका. रीड स्वतः खरवडायचा मोह टाळा: टोकाला खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, हे खरंच, पण काढलेलं पोलाद परत लावता येत नाही.

पुढे पद्धतशीर शिकायचं असेल, तर लिमरिक विद्यापीठात आयरिश पारंपरिक संगीताचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं आणि हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत 1983 पासून लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग आहे. दोन्हीकडे वादन ऐकूनच घेतात. अर्ज करण्याआधी एकाच परंपरेतल्या तीस-चाळीस चाली, कागद न बघता, नाचाच्या लयीत वाजल्या पाहिजेत.