इम्प्लांटचा खडबडीतपणा मोजताना

इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, आधी स्वच्छ करून पूर्ण वाळवा. बोटाचा तेलकट डागही आकडा बिघडवतो. सुईचा प्रोफायलोमीटर, म्हणजे टोक पृष्ठभागावरून फिरवून उंचसखलपणा मोजणारं यंत्र, इथे नकोच. २ मायक्रोमीटर त्रिज्येचं टोक अरुंद खड्ड्यात उतरत नाही आणि पृष्ठभाग आहे त्याहून गुळगुळीत दिसतो. ऑप्टिकल इंटरफेरोमीटर घ्या; तो स्पर्श न करता प्रकाशाने उंचसखलपणा मोजतो. आट्याचा माथा, उतार, तळ, तिन्हीकडे मोजा. मग मोजणीतून स्क्रूची गोलाई वजा करून ५० मायक्रोमीटरचा गाउसियन फिल्टर लावा; तो मोठे चढउतार काढून बारीक खडबडीतपणा तेवढा ठेवतो. हे केलं नाहीत तर आट्याचा आकारच खडबडीतपणा म्हणून मोजला जातो.

‘एसए’ (Sa), म्हणजे मधल्या पातळीपासूनचा सरासरी उंचसखलपणा, १ ते २ मायक्रोमीटर आला की हाड सहसा चांगलं धरतं. पण ही नुसती सरासरी; शिखरं काय, खड्डे काय, तिला सारखेच. म्हणून ‘एसएसके’ही (Ssk), म्हणजे कल शिखरांकडे की खड्ड्यांकडे हे सांगणारा आकडा, पाहा: तो ऋण असेल तर खोल खड्ड्यांचा जोर जास्त.