वर्ल्डबॉक्समधी देवाच्या पावर कुठं आणि कधी वापरायच्या

वर्ल्डबॉक्स म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरवरचा गेम, त्यात आपण देव होऊन जग घडवतो, माणसं सोडतो आणि पाऊस, वीज असल्या पावर टाकतो. गणपतीच्या सुट्टीत खानापुरास्नं मावसभावाचा फोन आला, "दादा, माझी माणसं टिकतच नाहीत बघ, टाकली की मरायलेत." स्क्रीनशॉट मागवला तर निम्म्या बेटावर वाळू, मधी आगीचे काळे डाग आणि कोपऱ्यात चार घरं. त्यानं पहिल्या दहा मिनिटातच वीज, भूकंप, वादळ सगळं टाकून बघितलेलं. त्याला फोनवर जे सांगितलं तेच हितं लिहायलोय, कारण हा गेम मी स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, आला तेव्हापासनं, म्हणजे 2021 च्या डिसेंबरपासनं खेळतोय आणि बघितलंय की गावं वाढतात ती छोट्या पावरनं, मोठ्या पावरनं नाही.

आधी माती. आपल्याकडं भाताला धूळवाफ पेरणी करतात, बी आधी रानात जातं आणि मग पाऊस लागतो, तसंच हितं माणसं टाकायच्या आधी सुपीक माती घाला, बिया टाकून गवत-झाडं वाढू द्या, फळांची झुडपं लावा, आणि जवळपास दगड आणि धातूचे साठे ठेवा, नाहीतर लाकूड संपलं की घर नाही आणि धातू नसला की चांगलं हत्यार नाही. मग दहा-बारा माणसं एकाच जागी सोडा. विखरून टाकू नका, एकत्र असली की ती पहिल्यांदा शेकोटी पेटवतात आणि तिथनंच गाव सुरू होतं.

आता पावर टाकायची सवय. कुठलीही पावर उचलायच्या आधी गेम पॉज करा, झूम करा, ब्रश, म्हणजे पावर जेवढ्या जागेवर पडते तो आकार, एकदम बारीक करा. मोबाईलवर तर हे पाहिजेच, बोट जाड असतंय आणि मोठा ब्रश राहिला की पाच घरं जास्त जातात.

हे मी शिकलो ते एका गावावरनं. चाळीसएक माणसांचं गाव, बाजूला दाट झाडी, आणि झाडीतनं लांडगे येऊन माणसं मारायलेले. मला वाटलं एक वीज टाकू आणि मोकळं होऊ. लांडगा मेला, पण झाड पेटलं, त्याच्या शेजारचं पेटलं, आग शेतात शिरली, आणि मी घाबरून जिथं जळायलंय तिथंच पाऊस ओतत बसलो. ते चुकलं. पावसाचे थेंब वरनं खाली यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात आग पुढं सरकलेली असते, त्यामुळं पाऊस आगीच्या पुढं टाकायचा, घरांच्या कडेनं, आणि मग मागं वळून उरलेली विझवायची. मी पोचेपर्यंत निम्मी घरं गेली. त्या लांडग्यांना खरंतर मॅग्नेटनं उचलून दुसऱ्या बेटावर सोडायचं होतं, दोन सेकंदाचं काम, कुणाचं घर जळलं नसतं.

प्लेग आला तर थांबू नका. एकदोघं आजारी दिसली की लगेच डिव्हाइन लाइट फिरवा, त्यानं प्लेग, वेड, झोंबीचा संसर्ग सगळं निघून जातं. गावभर पसरल्यावर तुम्ही एका घरावर उजेड टाकेपर्यंत दुसरं घर आजारी पडतंय. ब्लेसिंग, म्हणजे आशीर्वादाची पावर, मात्र सगळ्यांवर उधळू नका, राजाला आणि गावाच्या म्होरक्याला द्या आणि त्यांना फेव्हरिटचा स्टार लावून ठेवा म्हणजे गर्दीत सापडतात. राजा लढाईला निघाला की त्याच्यावर शील्ड टाका, ती थोडा वेळच टिकते म्हणून घरातनं निघताना नाही, शत्रू समोर आल्यावर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सीमेवरची गावं. आपण बेळगाव, निपाणी, खानापूर भागातली माणसं, राजधानी लांब असली की सीमेवरच्या गावाला काय वाटतं हे आपल्याला दुसऱ्यानं सांगायला नको. गेममधी पण तसंच आहे, गावावर क्लिक करून लॉयल्टी, म्हणजे राज्यावरची निष्ठा, बघा, त्यावर बोट ठेवलं की कारणं दिसतात, राजधानीपासून अंतर, वेगळी संस्कृती असं. 2025 च्या मोनोलिथ अपडेटनंतर भाषा आणि धर्म पण आलेत त्यामुळं हे बघायला अजून जीव लागतो. लॉयल्टी खाली गेलेलं गाव स्वतः बंड करायची वाट बघू नका. इन्स्पिरेशन टाकलं की ते वेगळं राज्य होतं, पण जुनं राज्य गप्प बसत नाही, युद्ध लागतं आणि नवीन राज्याकडं सैन्य जेमतेम असतंय. म्हणून माझी पद्धत अशी, आधी पॉज, मधल्या जमिनीवर डोंगराची एक ओळ ओढायची किंवा खोदून पाणी सोडायचं, मग इन्स्पिरेशन, आणि लगेच फ्रेंडशिप, म्हणजे युद्ध थांबवणारी पावर. डोंगरानं पायदळ अडतंय, पाण्यानं पण अडतंय पण पलीकडं डॉक, म्हणजे बोटींचा धक्का, असलं की बोटी येतात, तेवढं बघून घ्या. स्पाइट ही पावर याच्या बरोबर उलटी, एका राज्याला सगळ्यांशी भांडायला लावते. मी ती फक्त एकच राज्य सगळा नकाशा गिळायला लागलं तर वापरतो.

वर्ल्ड लॉजमधी, म्हणजे जगाच्या नियमांच्या यादीत, भूक बंद करता येते पण करू नका. भूक नसली तर शेतीला अर्थ राहत नाही.

बॉम्ब, उल्का, ग्रे गू (सगळं गिळणारा राखाडी चिखल) यांना हात लावायच्या आधी वेगळ्या स्लॉटमधी सेव्ह करा. ग्रे गू तर एक थेंब सांडला की सगळं जग खात जातो, आणि मावसभावाचं ते बेट, जे आता कुठं दोनशे माणसांवर गेलंय, मी त्याला आधी तीनदा सेव्ह करायला लावलं.