सोडियमच्या नमुन्यात झिंक कमी येत होतं

आयसीपी म्हणजे नमुना प्लाझ्मात (अतितप्त, आयनीभूत आर्गॉनमध्ये) फवारून त्यातल्या मूलद्रव्यांचा प्रकाश मोजणारं यंत्र. त्यावरचे सगळे स्टँडर्ड (माहीत प्रमाणाची द्रावणं) २ टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये केलेले, क्यूसी (गुणवत्ता तपासणी) चोख. पण १ टक्का सोडियम असलेले नमुने लावले की झिंक (२०६.२०० नॅनोमीटर) कमी. स्पाइक (माहीत प्रमाणात जास्तीचं झिंक) घालून पाहिला, रिकव्हरी ८१ टक्के, म्हणजे घातलेल्यातलं तेवढंच परत दिसलं. नेब्युलायझर (नमुन्याचा फवारा करणारा भाग) तुंबला असेल म्हणून धुतला, पंपाची नळी बदलली. फरक शून्य. अर्धा दिवस असाच गेला.

मग लक्ष गेलं पोटॅशियमकडे. ७६६.४९० वर ते चक्क वाढीव येत होतं. नेब्युलायझर तुंबला असता तर दोन्ही खाली गेले असते! सोडियमचं आयनीभवन सहज होतं, त्यामुळे प्लाझ्मात इलेक्ट्रॉन वाढतात. पोटॅशियमचे जास्त अणू तटस्थ राहतात आणि त्याची अणुरेषा (तटस्थ अणूंचा प्रकाश) फुगते. झिंकची आयनरेषा (आयनांचा प्रकाश) जास्त ऊर्जा मागते, ती दबते.

प्लाझ्मा किती दमदार आहे ते पाहायला मॅग्नेशियमच्या २८०.२७० (आयन) आणि २८५.२१३ (अणू) या रेषांचं गुणोत्तर काढलं. जेमतेम ५, हवं १० च्या आसपास. पॉवर ११५० वरून १४०० वॅट केली, नेब्युलायझरचा आर्गॉन मिनिटाला ०.८ वरून ०.५५ लिटर. सिग्नल थोडा पडला, पण गुणोत्तर ९ च्या वर गेलं आणि झिंकची रिकव्हरी ९६ वर.

इंटर्नल स्टँडर्ड (सिग्नलची घट भरून काढायला सगळ्या द्रावणांत सारखंच घातलेलं मूलद्रव्य) म्हणून इट्रियम आधीपासून होतंच. पण त्याची ३७१.०२९ ची रेषा कमी ऊर्जेची, झिंकइतकी दबतच नव्हती.

पोटॅशियमसाठी मात्र स्टँडर्डमध्येच तेवढं सोडियम घालावं लागलं. सोडियम नायट्रेट अतिशुद्ध घ्या; माझ्या पहिल्या बाटलीतच पोटॅशियम निघालं.