कमी पैशातली लॅटिनो हॉरर फिल्म: दारावरच्या थापेचा सीन कसा करायचा

सगळ्यात आधी ते सात हजार डॉलर डोक्यातून काढा. रॉबर्ट रॉड्रिग्जने १९९२ ची 'एल मारियाची' सात हजारात केली हे जो तो ऐकवतो. पण ती शूट झाली मेक्सिकोत, सिउदाद आकुन्या नावाच्या सीमेवरच्या गावात, लोकेशन ओळखीतली, कॅमेरा उसना, आणि थिएटरात लागायच्या आधी स्टुडिओने साऊंडवर आणि प्रिंटवर त्याच्या कितीतरी पट पैसा ओतला, हा भाग सांगताना सगळे गप्प. लॉस एंजेलिसमध्ये सात हजारात इन्शुरन्स, परमिट आणि जेवण, एवढंच बसतं.

मी इथल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरांतल्या, डायरेक्टर मंडळींच्या छोट्या हॉरर आणि साय-फाय फिल्मांवर फर्स्ट एडी (पहिली सहाय्यक दिग्दर्शक) आणि लाईन प्रोड्यूसर म्हणून काम करते. म्हणजे घड्याळ, पैसे आणि शिव्या माझ्याकडे, गोष्ट त्यांची. आपल्याकडची फिल्म स्कूलवाली पोरं आणि आयटीतले हौशी लोक मला सारखे विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकते. स्क्रिप्टमध्ये एल साल्वाडोर देशातलं कुटुंब आहे आणि लिहिणारा कोथरूडचा, असं असेल तर आधी तिथला सहलेखक शोधा आणि त्याला पैसे द्या, नुसतं "थँक्स" मध्ये नाव नको. तो मिळेपर्यंत खालचं वाचायची घाई नाही.

कागदपत्रं

एलएलसी, म्हणजे फिल्मपुरती छोटी कंपनी, काढा, कॅलिफोर्नियात तिचा वर्षाला किमान ८०० डॉलर टॅक्स असतो, फिल्मने दमडी कमावली नाही तरी. सॅग-आफ्ट्रा या कलाकारांच्या युनियनचे कलाकार हवे असतील तर तीन लाख डॉलरच्या आतल्या बजेटला अल्ट्रा लो बजेट करार आहे, शॉर्टफिल्मला पन्नास हजारांच्या आतला वेगळा. रस्त्यावर किंवा बिल्डिंगमध्ये शूट करायला फिल्मएलए या परमिट देणाऱ्या संस्थेचं परमिट, त्यासाठी दहा लाख डॉलरचा लायबिलिटी इन्शुरन्स. लहान मूल असेल तर त्याचा वर्क परमिट आणि सेटवर स्टुडिओ टीचर (मुलाचा अभ्यास आणि काळजी बघणारा शिक्षक), आणि त्याचे तास मोजून मिळतात हे शेड्यूल करतानाच धरा. पगारावर घेतलेल्या प्रत्येकाचा आय-९ फॉर्म भरावा लागतो, म्हणजे काम करायची परवानगी दाखवावी लागते. आणि हो, एच-१बी वर असाल तर ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्यासाठीच काम करता येतं, स्वतःची फिल्म असली तरी. "मी तर फुकट करतोय" हे दर वेळी चालत नाही, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

भुताचा नियम ठरवा

लॅटिनो हॉरर म्हटलं की पहिल्या ड्राफ्टमध्ये ला योरोना हजर. रडणारी बाई, नदी, मेलेली मुलं. २०१९ या एका वर्षात तिच्यावर हॉलिवूडचीही फिल्म आली आणि ग्वातेमालाचीही. ठेवायचीच असेल तर कारण घेऊन ठेवा. लॉस एंजेलिसच्या पिको-युनियन, वेस्टलेक भागात साल्वाडोर, ग्वातेमालाचे लोक भरपूर आहेत आणि त्यांच्या घरात सिगुआनाबा आहे, पाठमोरी सुंदर आणि वळली की तोंड घोड्याचं, रात्री एकट्या पुरुषाला वाट चुकवते, आपल्या चकव्याची मावसबहीणच. कादेहो आहे, पांढरा कुत्रा राखण करणारा आणि काळा घात करणारा, रात्रपाळी करून चालत घरी येणाऱ्या माणसाच्या मागे लागतो. रात्रपाळी, चालत घरी येणं, मागे कोणीतरी, अर्धी फिल्म तर इथेच झाली.

पण भूत कुठलंही असो, त्याचा एक नियम लागतो, आणि तो नियम त्या माणसांच्या रोजच्या जगण्यातून निघाला पाहिजे. ॲलेक्स रिव्हेराच्या २००८ च्या 'स्लीप डीलर' मध्ये तिहुआनात बसलेले कामगार शरीराला वायरी जोडून सीमेपलीकडचे यंत्रमानव चालवतात. अमेरिकेला कामगाराचे कष्ट पाहिजेत, तो स्वतः तिथे नको. एवढ्या एका नियमावर अख्खी फिल्म उभी आहे, आणि त्याला फार मोठे सेट लागत नाहीत.

माझा आवडता नियम दाराचा आहे. व्हँपायर आत बोलावल्याशिवाय येऊ शकत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. आता इमिग्रेशनचे एजंट दारात आले तर दाखवायला इथल्या वस्त्यांमध्ये वाटतात ती लाल कार्डं बघा. त्यावर जे लिहिलेलं असतं त्याचा मतलब हाच, की मी तुम्हाला घरात यायची परवानगी देत नाही, न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट असेल तर दाराखालून सरकवा. लोकांना शिकवतात की दार उघडू नका. ही कार्डं फ्रिजवर चिकटवलेली असतात. म्हणजे नियम, प्रॉप आणि लोकेशन तिन्ही आयतं मिळालं. म्हणूनच या फिल्मांमध्ये कुठे ना कुठे दारावर थाप पडण्याचा सीन असतोच, आणि दहातल्या नऊ जणांचा तोच फसतो. मीही याच सीनवर सगळ्यात जास्त डोकं आपटलंय.

थापेचा सीन

पहिली गोष्ट, दार तोडू नका. प्रत्येक डायरेक्टरला दार तोडायचं असतं. तुटणारं दार बनवा, स्टंटवाला आणा, बंदुका आणा, बंदुका आल्या की त्या सांभाळणारा माणूस आणि परमिटच्या जादा अटी आल्या, घरमालकाचं डिपॉझिट गेलं आणि एवढं करून पडद्यावर दिसतं काय, तर लोकांनी फोनवर बातम्यांमध्ये पाहिलेलंच, तेही त्याहून फिकं. २०२५ च्या जूनपासून लॉस एंजेलिसमध्ये इमिग्रेशनच्या धाडी पडल्या, तोंडं झाकलेले एजंट, नंबर ओळखू न येणाऱ्या गाड्या, वेस्टलेकमधल्या होम डेपो या बांधकाम सामानाच्या दुकानाच्या पार्किंगमधून उचललेले रोजंदारीवाले, ते सगळं लोकांनी बघितलंय. त्याच्याशी एजंटचं जॅकेट घातलेल्या तुमच्या चार नटांची बरोबरी होणार नाही.

कॅमेरा घरातच ठेवा. शेवटपर्यंत. पॅसेजमध्ये कट करायचा मोह होईल, करू नका, पीपहोलमधून दिसणारा गोल वाकडा चेहरा तर मुळीच नको, तो शॉट दोन पिढ्यांपूर्वीच मेला. पॅसेजमध्ये जमिनीलगत एक एलईडी पॅनल ठेवा आणि त्याच्यासमोर दोन माणसं उभी करा, दाराखालच्या फटीत सावल्यांचे चार तुकडे दिसतात. खर्च शून्य. सावली हलली की प्रेक्षक हलतो.

खरी मेहनत थापेवर आहे आणि ती स्क्रिप्टपासून सुरू होते. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत प्रेक्षकाला थापा ओळखायला शिकवा. शेजारीण भांडं परत द्यायला येते, ती बोटाच्या पेरांनी वाजवते आणि वाजवता वाजवताच हाक मारते. घरमालक एक तारखेला येतो, दोनदा जोरात, मग किल्ल्यांचा आवाज. या दोन थापा लोकांच्या कानात बसल्या की तिसरी येऊ द्या, मुठीने, एकसारखी, कुणाचं नाव नाही, मग लांब शांतता आणि परत तेवढीच. काहीही न दाखवता सगळ्यांना कळतं.

आता महत्त्वाचं. ही तिसरी थाप रात्री सेटवर खरोखर वाजवायची नाही. कधीच नाही. तुम्ही ज्या बिल्डिंगमध्ये शूट करताय तिथे बाजूच्या, वरच्या, खालच्या घरात खरी माणसं राहतात आणि रात्री दहाला मुठीने बडवलेलं दार त्यांना फिल्म वाटत नाही. कोणी मुलांना घेऊन बाथरूममध्ये लपतं, कोणी मागच्या जिन्याने बाहेर पडतं. कितीही नोटिसा लावा, झोपेतून उठलेल्या माणसाला नोटीस आठवत नाही. तेव्हा थाप दिवसाढवळ्या वेगळी रेकॉर्ड करा, शक्य असेल तर दुसऱ्याच जागी, पण दार तसंच जड घ्या, खोलीचं पोकळ दार डबड्यासारखं वाजतं. एक माईक दाराजवळ, एक आतल्या खोलीच्या टोकाला, दोन्ही ट्रॅक लागतात कारण पात्र घरात कुठे उभं आहे त्यावर थाप बदलते. रात्री शूट करताना एडीने बोटाने लाकडाच्या तुकड्यावर टिचकी मारायची, कलाकारांना तेवढा इशारा पुरतो.

इथे डायरेक्टर हटकून म्हणतो की कलाकाराला न सांगता अचानक वाजवूया, रिॲक्शन खरी येईल. मी अशा वेळी सरळ नाही म्हणते आणि भांडण झालं तरी माघार घेत नाही. तुमच्या कलाकारांपैकी कोणाच्या घरावर अशी थाप खरंच पडली असेल हे तुम्हाला माहीत नसतं, आणि विचारायचंही नसतं, त्याने सांगितलं तर ऐकायचं. सगळे लाईट चालू ठेवून तालीम घ्या, कितव्या आकड्याला थाप आहे ते सांगा, कोणीही हात वर केला की कट. घाबरणं ही ॲक्टिंग आहे, ते त्यांचं काम आहे, ते करू द्या.

आणि घाबरलेली माणसं काय करतात ते नीट बघा. किंचाळत नाहीत. टीव्ही बंद करत नाहीत, कारण एकदम शांत झालं तर आत कोणीतरी आहे हे कळतं, आवाज हळूहळू खाली आणतात. गॅसवरच्या राजम्याखालची आच बंद होते. फोन पालथा ठेवला जातो. खिडकीजवळचं पोर हाताने मागे ओढलं जातं, आणि मग सगळे त्या पोराकडेच बघतात कारण घरात इंग्रजी त्यालाच चांगलं येतं. कलाकारांना विचारा, ते याहून चांगलं सुचवतील, स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं फेकून द्या. एडिटमध्ये हा सीन तुम्हाला लांब वाटेल, तरी कापू नका. थापा थांबल्यावरही कोणी हलायचं नाही. पावलं पुढे जातात, शेजारच्या दारावर तीच थाप पडते, आणि ते दार उघडल्याचा आवाज येतो. भूत आणायचं असेल तर आता आणा.

बिल्डिंग आणि रस्ता

शूटच्या दोन-तीन दिवस आधी त्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या कोणाला तरी सोबत घेऊन प्रत्येक दारावर स्वतः जा, हळू वाजवा. नोटीस स्पॅनिशमध्ये पाहिजेच, पण ग्वातेमालाचे किचे बोलणारे किंवा ओआहाकाचे सापोतेक बोलणारे लोक असतील तर स्पॅनिश कागदही पुरत नाही, तोंडी सांगावं लागतं. त्या भागात धाडींवर लक्ष ठेवणारे स्वयंसेवकांचे गट असतात, त्यांनाही कळवा, नाहीतर तुमच्या जॅकेटवाल्या नटाचा व्हिडिओ दोन मिनिटांत सगळीकडे फिरेल आणि आख्खी गल्ली बंद होईल.

वर्दीवाल्या नटाने बिल्डिंगच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, सिगारेट ओढायलासुद्धा. शॉट संपला की अंगावर साधं जॅकेट. खऱ्या खात्याचा बिल्ला किंवा लोगो हुबेहूब बनवू नका, अमेरिकेत तो गुन्हा ठरू शकतो, खातं काल्पनिक करा. मी म्हणते वर्दी लागतेच कशाला, सावली आहे ना.

सेटवरचे फोटो फिल्म पूर्ण होईपर्यंत इन्स्टाग्रामवर नकोत, लोकेशन टॅग तर कधीच नको. बिल्डिंगमधल्या कोणाचा चेहरा चुकून फ्रेममध्ये आला तर तो टेक बाद. रिलीज फॉर्म स्पॅनिशमध्ये द्या, वाचायला वेळ द्या, आणि क्रेडिटमध्ये कोणतं नाव हवं ते ज्याचं त्याला ठरवू द्या.

बाकीचं

कॅमेरा कुठलाही चालतो, यावर वाद घालणाऱ्यांना घरी पाठवा. फ्रिजची घरघर रेकॉर्ड होते म्हणून तो बंद करा आणि गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे परत चालू करायचं विसरून दुसऱ्याचं अन्न नासवणार नाही. सहा तासांच्या आत जेवण, आणि रोज पिझ्झा नको, गल्लीतल्याच पुपुसा (एल साल्वाडोरची भरलेली मक्याची भाकरी) विकणारीला ऑर्डर द्या, स्वस्त पडतं आणि बिल्डिंग तुमच्या बाजूने होते. कास्टिंगमध्ये "स्पॅनिश येतं" एवढ्यावर जाऊ नका, साल्वाडोरच्या आईला मेक्सिकोच्या उच्चारात बोलायला लावलं तर तिथले प्रेक्षक पाचव्या मिनिटाला हसतात. सबटायटल सहलेखकाकडून तपासून घ्या.

साऊंड मिक्स करताना संवाद वगळून बाकीच्या आवाजांचा ट्रॅक वेगळा काढून ठेवा, बाहेर विकताना डबिंगसाठी तो मागतातच आणि नंतर काढायला दुप्पट पैसे जातात. फेस्टिव्हलला दोन्ही दरवाजे वाजवा, लॅटिनोही आणि हॉररही: लॉस एंजेलिसचा लालिफ, सॅन अँटोनियोचा १९७६ पासून चालू असलेला सिनेफेस्टिव्हल, ऑस्टिनचा फँटास्टिक फेस्ट, मेक्सिकोचा मॉर्बिडो. फी भरायच्या आधी प्रीमियरच्या अटी वाचा. पोस्टरवर दार चालेल, ट्रेलरमध्ये पहिल्या दोन थापा चालतील, तिसरी तिथे वाजवू नका.