फिट येणाऱ्या मुलाला ऐकू येते, पण समजते का? घरच्या घरी पारख कशी करावी

कानात दोष नाही असा तपासणीचा कागद हातात पडला की आईवडील निर्धास्त होतात, आणि त्यानंतरही हाकेला ओ न देणारे मूल घरात ‘ऐकून न ऐकल्यासारखे करणारे’ व शाळेत ‘लक्ष नसणारे’ ठरते. मुलाला अपस्मार, म्हणजे आपण ज्याला फिट, आकडी किंवा मिरगी म्हणतो तो आजार असेल, तर हा शिक्का मारण्याची घाई करू नये. कान आवाज टिपतो. त्या आवाजाचे शब्द मेंदू करतो.

‘काडी’ आणि ‘गाडी’ यांतला फरक सेकंदाच्या काही शतांशांत ओळखावा लागतो, आणि ते काम मुख्यतः कानशिलामागील टेम्पोरल लोब या भागात होते. बालवयात बऱ्याच वेळा आढळणाऱ्या रोलँडिक अपस्मारात याच भागाच्या लगत विजेचे सूक्ष्म उद्रेक होत राहतात. झोपेत ते वाढतात. मूल तडफडत नसले, तोंड वाकडे होत नसले, तरी हे उद्रेक चालू असू शकतात. अशा काही मुलांना गोंगाटात बोलणे समजणे, मिळतेजुळते वर्ण वेगळे ओळखणे आणि वाचन या गोष्टी जड जातात. हा अपस्मार बहुधा वयात येताना आपोआप थांबतो, पण तोवर इयत्ता दुसरी ते सहावी ही पायाची वर्षे निघून गेलेली असतात, म्हणून ‘मोठेपणी जाईल’ एवढ्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

घरी पारख करण्यासाठी एक खरी आगकाडी आणि एक खेळण्यातली गाडी मुलासमोर ठेवावी. आपण त्याच्या पाठीमागे उभे राहावे, कारण ओठ दिसले की मूल ओठांवरून ओळखते. नेहमीच्या आवाजात, क्रम उलटसुलट करून, दहा वेळा एकेक वस्तू मागावी व बरोबर उत्तरे वहीत मांडावीत. नुसत्या अंदाजानेही पाचेक बरोबर येतात, त्यामुळे पाच-सहा हा आकडा समाधानाचा मानू नये. मग हेच कूलर चालू करून करावे. खान्देशात उन्हाळाभर घराघरांत कूलर घरघरत असतो आणि त्याच आवाजात आपण मुलाला दहा कामे सांगत असतो. शांततेत नऊ आणि कूलरपुढे पाच असा फरक वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा दिसला, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवण्याजोगी आहे. टाळ आणि डाळ ही जोडीही चालते. यातून निदान होत नाही. तपासणीची दिशा तेवढी मिळते.

या अडचणीशी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत मात्र करू नये. काही मुलांना क्षणिक फिट येते: मूल पाच-दहा सेकंद एकटक पाहते, पापण्या फडफडतात, खांदा हलवला तरी प्रतिसाद नसतो, आणि मग काही झालेच नाही अशा रीतीने ते पुढे बोलू लागते. त्याला मधले शब्द मिळालेलेच नसतात. दुसरी गोष्ट आपल्याकडची आहे. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला ‘आठे ये’ लगेच कळते आणि गुरुजींचे ‘इकडे ये’ सुरुवातीला कळत नाही, तर तो दोष मेंदूचा नव्हे. म्हणून पारख नेहमी मुलाच्या बोलीतल्या शब्दांनी करावी आणि तज्ज्ञांनाही घरची बोली आवर्जून सांगावी.

नीट बोलणारे, समजणारे मूल तीन ते आठ या वयात बोलणे समजेनासे झाले, बहिऱ्यासारखे वागू लागले, तर वहीत नोंदी करत बसू नये. 1957 साली लँडाऊ आणि क्लेफ्नर यांनी वर्णन केलेला एक दुर्मीळ विकार असा असतो; त्यात काही मुलांना दिसणारी फिट कधी येतच नाही. लगोलग मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे.

शाळेत मुलाला पुढच्या बाकावर, रस्त्याकडील खिडकीपासून दूर बसवावे. पत्र्यावर पाऊस वाजत असताना श्रुतलेखन घेऊ नये. एका वेळी एकच सूचना द्यावी, ती फळ्यावर लिहावी, आणि ‘समजले का?’ असे न विचारता ‘आता काय करायचे ते सांग’ असे म्हणावे. पहिल्या प्रश्नाला प्रत्येक मूल ‘हो’ म्हणते.

औषध मनाने बंद करू नये. काही औषधांनी गुंगी येते व लक्ष कमी होते, तसे वाटल्यास मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारावे. अपुऱ्या झोपेने फिट येऊ शकते, त्यामुळे श्रावणात कानबाईच्या जागरणाला अशा मुलाने आरती घेऊन वेळेवर झोपावे, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे.

डॉक्टरांकडे वही, फिटचे मोबाइलवरचे चित्रण असल्यास ते आणि कानाच्या तपासणीचा कागद न्यावा. झोपेतील ईईजी, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून काढलेला मेंदूतील विजेच्या लहरींचा आलेख, लागेल का आणि वाचा-श्रवणतज्ज्ञांकडून गोंगाटातले बोलणे समजण्याची चाचणी करता येईल का, हे विचारावे. शाळेत मुलांची आरोग्य तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे सरकारी पथक आल्यास त्यांच्याही कानावर घालावे. ईईजीच्या आदल्या दिवशी मुलाचे केस धुवावेत आणि तेल लावू नये, नाहीतर तारा डोक्याला नीट चिकटत नाहीत. किती वाजेपर्यंत जागे ठेवायचे आणि सकाळची गोळी द्यायची की नाही, हे मात्र डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.