दत्तक बाळाचा व्हिसा अर्ज ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत येत असेल तर

लेकीला आणायला परदेशी गेलो आणि तिचा व्हिसा अर्ज दोनदा परत आला: ‘नाव जुळत नाही’. प्रतिज्ञापत्र जोडलं, भाषांतर नव्याने करून घेतलं, उपयोग शून्य. हॉटेलच्या खोलीत अकरा दिवस नुसते अडकून पडलो.

शेवटी सगळे कागद पलंगावर पसरून एकेक अक्षर ताडलं. दत्तक आदेशात नावाच्या शेवटी ‘एच’ होता, जन्मदाखल्यात नव्हता! आधी आदेशाप्रमाणे जन्मदाखला दुरुस्त करून घेतला. त्यावरून पासपोर्ट. मग त्याच स्पेलिंगने आंतरदेशीय दत्तकविधानाबद्दलच्या १९९३च्या हेग कराराच्या कलम २३चं प्रमाणपत्र, म्हणजे दत्तकविधान करारानुसार झाल्याचा दाखला. करारातले इतर देश दत्तकविधान मान्य करतात ते याच्याच जोरावर. भाषांतर सर्वांत शेवटी (आमचे आधीचे पैसे पाण्यात). तिसरा अर्ज मंजूर. तिकीट त्यानंतरच, पासपोर्ट समोर ठेवून.