पिल्लू गपागप खातंय? इडलीची ताटली काढा

नेरुळच्या आमच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आलं तेव्हा वाटी ठेवली की मिनिटभरात फस्त, आणि लगेच उलटी. घाईत घास न चावता उतरतो, सोबत हवाही पोटात जाते. इडलीपात्रातली जुनी ताटली घ्या, प्रत्येक खळग्यात भिजवलेलं खाणं थोडं थोडं दाबून भरा. जिभेने कोरून खावं लागतं, वेग आपोआप उतरतो. कडा धारदार नाहीत ना, आधी बोट फिरवून बघा. खाली ओलं फडकं घाला, नाहीतर ताटली फरशीभर फिरते. वेग कमी करायला काही जण वाटीत दगड ठेवतात, ते मला पटत नाही. दुधाचे दात असतात बिचाऱ्याचे. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसाचं खाणं ३-४ वेळा विभागून द्या. पोट टम्म फुगून, उलटी न होता नुसतेच उमासे येत असतील, तर वाट न बघता डॉक्टर गाठा.